वॉटर लिली की कोलियस? जागा एकच आहे, सल्ला द्या

अर्धीछाया:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. बाल्कनीचा एक कोपरा रिकामा झालाय, साधारण तीन बाय तीन फूट. तिथे एकतर मोठा टब ठेवून वॉटर लिली लावायची किंवा मग पाच-सहा कुंड्यांमध्ये वेगवेगळ्या रंगांचे कोलियस, असं डोक्यात आहे. दोन्ही कधीच लावलेलं नाही. लिलीचे फोटो बघितले की वाटतं बस हेच, आणि मग कुणाकडे कोलियसची ती लालभडक, पोपटी कडांची पानं बघितली की वाटतं अरे हे तर बारा महिने फुललेलंच दिसतंय, फुलाची वाट कशाला बघायची.

माझी परिस्थिती सांगते म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. नोकरी आहे, सकाळी नऊला बाहेर पडते आणि संध्याकाळी सात वाजता घरी. महिन्यातून एकदा आठ-दहा दिवस फिरतीवर जावं लागतं, तेव्हा घरी कोणी नसतं. ऊन येतं पण किती येतं ते नीट सांगता येणार नाही, "बऱ्यापैकी" येतं. कोपऱ्यावरून तुम्हीच ठरवा असं म्हणत नाहीये, पण दोन्हींपैकी दिसायला जास्त काय खुलतं, सांभाळायला सोपं काय आणि नवशिक्याकडून काय मरत नाही, एवढं सांगा. आणि हो, टबात डास होतात का? आईने पहिला प्रश्न तोच विचारलाय.

डबकेवाला:
माझ्याकडे गेली सात वर्षं टब आहेत, सध्या चार, त्यामुळे मी लिलीच्या बाजूने बोलणार हे आधीच कबूल करतो. तरी पण जे आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, "बऱ्यापैकी ऊन" हे उत्तर लिलीला चालत नाही. तिला थेट ऊन लागतं, पाच-सहा तास तरी, आणि थेट म्हणजे वस्तूची स्पष्ट सावली पडेल असं ऊन, नुसता उजेड नाही. ऊन कमी पडलं तर ती मरत नाही हो, तेच तर दुखणं आहे, मस्त पानं काढत राहते आणि तुम्ही रोज सकाळी वाकून बघत राहता की कळी आली का, आणि कळी काही येत नाही. मी पहिलं पूर्ण वर्ष असंच वाकून काढलंय.

दुसरं, लिली म्हणजे एकच झाड नाही. ढोबळ दोन जाती धरा. एक हार्डी, म्हणजे थंडी सोसणारी. तिची पानं कडेने गुळगुळीत असतात, फुलं पाण्याला टेकून असतात, कंद आडवा वाढतो आणि फार थंडी पडली की ती खाली जाऊन झोपते. दुसरी ट्रॉपिकल, तिच्या पानांच्या कडा दातेरी, फूल पाण्याच्या वर दांड्यावर उभं, वास बहुतेक वेळा जास्त, आणि निळा-जांभळा रंग हवा असेल तर हिच्यातच बघा, हार्डीमध्ये खरा निळा जवळपास मिळत नाही. मात्र हिला पाणी गरम लागतं, साधारण २१ अंशांच्या खाली पाणी राहायला लागलं की ही रुसते. लावायची पद्धत पण वेगळी आहे. हार्डीचा कंद कुंडीच्या कडेला तिरपा टेकवायचा आणि त्याचं तोंड समोरच्या कडेकडे ठेवायचं म्हणजे त्याला पुढे सरकायला जागा मिळते, ट्रॉपिकलचा गड्डा बरोबर मध्ये. दोन्हींचा शेंडा मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे, गाडला की कुजला.

माती. इथे नव्वद टक्के लोक चुकतात आणि मी पण चुकलो. घरात कुंड्यांसाठी आणलेलं छान हलकं मिश्रण होतं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत वगैरे, म्हटलं झाडाला चांगलंच आहे की. दुसऱ्या दिवशी सगळं कोकोपीट वर तरंगत होतं, पाणी काळं-तपकिरी आणि आठवड्याने असा वास सुटला की विचारू नका. लिलीला साधी जड चिकणमाती लागते, बास. खत द्यायचं ते गोळ्यांच्या रूपात, कागदात गुंडाळून मुळांजवळ मातीत खोल खुपसायचं, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा. पाण्यात खत टाकलं तर ते लिलीच्या आधी शेवाळ खाणार. वरून बारीक खडीचा थर द्या म्हणजे माती ढवळली जात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी बदलू नका!! नवीन टबातलं पाणी पहिले काही आठवडे हिरवं होतंच. मी दर चार दिवसांनी घाबरून टब रिकामा करायचो आणि ताजं पाणी भरायचो आणि दर वेळी ते परत हिरवं, कारण नव्या पाण्याबरोबर शेवाळाला नवं खाणं मिळतंय. पानांनी निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकला की खाली उजेड पोचत नाही आणि पाणी आपोआप निवळतं. तोपर्यंत हाताची घडी घालून बसायचं. उडून गेलं तेवढं वरून भरायचं.

डासांचं: होतात, नक्की होतात, आईंचं बरोबर आहे. चार-पाच गप्पी मासे सोडले की प्रश्न संपला. नळाचं पाणी असेल तर दिवसभर उघडं ठेवून मग मासे सोडा.

शंकासूर:
नेहमीप्रमाणे एक फाटा फोडतो, माफी असावी. फोटो बघून "बस हेच" वाटलं म्हणताय तो फोटो लिलीचाच होता ना? की कमळाचा? कारण निम्मे लोक कमळ बघतात आणि वॉटर लिली विकत आणतात किंवा उलट. पानाकडे बघा. देठापासून कडेपर्यंत एक चीर असेल आणि पान पाण्यावर पसरलेलं असेल तर लिली, म्हणजे आपलं कुमुद. पान अखंड गोल, पाण्याच्या बरंच वर उभं आणि त्यावर थेंब मोत्यासारखा पळतोय, तर कमळ. दोघं एका चिखलात राहतात म्हणून भावंडं समजू नका, वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने कमळाचं नातं चिनार गटातल्या झाडांशी लागतं आणि लिली सपुष्प वनस्पतींच्या अगदी जुन्या, लवकर फुटलेल्या फांदीवर बसलेली आहे.

कोलियसची तर वेगळीच गंमत. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६३ मध्ये त्याला चक्क तुळशीच्याच प्रजातीत, म्हणजे ऑसिममध्ये टाकलं होतं. मग १७९० मध्ये लुरेरोने कोलियस हे नाव काढलं, पुढे कुणी त्याला सोलेनोस्टेमॉन म्हटलं, कुणी प्लेक्ट्रँथस, आणि शेवटी २०१९ मध्ये एका मोठ्या अभ्यासानंतर गाडी परत कोलियसवर. मधल्या काळात माळी मंडळी शांतपणे कोलियसच म्हणत होती. दांडा बोटात धरून फिरवा, चौकोनी लागेल, तुळशीसारखाच.

पानोपानी:
कोलियसच्या बाजूने कोणीतरी बोला!! मीच बोलते.

डबकेवाल्यांनी जे लिहिलंय त्यातलं निम्मं म्हणजे वाट बघणं आहे, बघितलंत का. कळीची वाट, पाणी निवळायची वाट. आणि एवढं करून फूल आलं की ते टिकतं तीन-चार दिवस. ते पण रोज उघडतं आणि मिटतं. दिवसा फुलणाऱ्या जाती सकाळी उशिरा उघडतात आणि दुपार कलली की मिटायला लागतात. आता तुम्ही म्हणताय नऊला बाहेर आणि सातला घरी. म्हणजे तुमची लिली फुलेल तेव्हा तुम्ही ऑफिसात आणि तुम्ही घरी याल तेव्हा बाई दार लावून बसलेल्या. फक्त सुट्टीच्या दिवशी भेट. हा मुद्दा कोणी काढलाच नाही म्हणून सांगितलं. (रात्री फुलणाऱ्या जाती असतात, माहिती आहे मला, संध्याकाळी उघडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोड्या उशिरापर्यंत उघड्या असतात, पण त्या बहुतेक दांडग्या वाढतात आणि ऊन त्यांनाही तेवढंच लागतं.)

कोलियस मात्र सकाळी सहाला बघा नाहीतर रात्री दिव्याच्या उजेडात बघा, तसाच. पानच शोभेचं आहे ना. आणि पानात काय काय, मरून, तांबूस, लिंबासारखा पोपटी, कडेला बारीक पांढरी रेघ, झालरीसारखी कातरलेली कड. शिवाय त्याच्या रंगाशी खेळता येतं, हे मला सगळ्यात आवडतं. तेच झाड, तीच फांदी, पण कमी उजेडात ठेवलं की हिरवा वर येतो, थोडं ऊन वाढवलं की लाल-जांभळा चढतो आणि फार कडक उन्हात नेलं की सगळाच रंग फिका पडतो, कडा करपतात. प्रत्येक जातीचं हे वेगळं, उन्हात टिकणाऱ्या जाती पण निघाल्यात आता, पण सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि बाकी दिवस उजेड म्हटलं की बहुतेक कोलियस खूश. लिलीला जे ऊन कमी पडतं ते याला बरोबर पुरतं.

काम एकच, शेंडे खुडायचे. वरचा कोवळा शेंडा दोन पानांच्या जोडीवर खुडला की खालून दोन फुटतात, ते खुडले की चार. नाही खुडलं तर काडीसारखं उंच जातं आणि खालची पानं गळून वर एक तुरा उरतो. तुऱ्यावरून आठवलं, फुलाचा तुरा आला तर तोही काढा. फिकट निळसर असतो, मधमाश्या येतात त्यावर हे खरं, पण झाड एकदा बी धरायला लागलं की पानांवरचं त्याचं लक्षच उडतं. मी दर वर्षी एक कुंडी मधमाश्यांसाठी सोडून देते आणि बाकीच्यांचे तुरे निर्दयपणे काढते.

आणि खुडलेला शेंडा फेकायचा नाही! ग्लासभर पाण्यात ठेवला की आठ-पंधरा दिवसांत मुळं. मरण्याबद्दल विचारलंत ना, कोलियस मरतो हो, पण तोवर तुमच्याकडे त्याची सहा पिल्लं असतात. फक्त बियांच्या भरवशावर राहू नका, बियांपासूनचं रोप कुठल्या रंगाचं निघेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. आवडलेला रंग राखायचा तर कटिंगच.

मांजर किंवा कुत्रा असेल तर मात्र त्यांच्या तोंडाशी येणार नाही असा ठेवा, कोलियस खाल्ला तर त्यांना त्रास होतो.

अर्धीछाया:
बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. शंकासूर, तुमचा फाटा वाचून फोटो परत काढून बघितला आणि हो, ते कमळच होतं, थेंब पळतोय चक्क. म्हणजे मी ज्याच्या प्रेमात पडले ते वेगळंच. पण नंतर लिलीचे बघितले, तेही आवडलेत.

डबकेवाल्यांचं वाचून ऊन मोजायचं ठरवलं. शनिवार-रविवार दर अर्ध्या तासाने कोपऱ्यात जाऊन बघितलं, घरचे हसत होते. सकाळी आठ ते साडेअकरा थेट ऊन, मग समोरच्या इमारतीची सावली, आणि पुढे दिवसभर नुसता उजेड. म्हणजे साडेतीन तास. माझं "बऱ्यापैकी" एवढंच निघालं.

म्हणजे लिली बादच ना? आणि कोलियस धरावा तर माझी फिरती आडवी येते, दहा दिवस पाणी नाही मिळालं तर तो राहील का? मला आता वाटतंय की एकाला माझं ऊन पुरत नाही आणि दुसऱ्याला माझा वेळ.

डबकेवाला:
ही शेवटची ओळ पटली. लिलीला ऊन लागतं, माणूस नाही लागत. मी एकदा तीन आठवडे नव्हतो, परत आलो तर पाणी चार बोटं खाली गेलेलं आणि दोन फुलं उमललेली, मी नव्हतो याचं तिला काही नाही. माशांनी पण शेवाळ आणि अळ्यांवर मजेत काढले दिवस. जाताना काठोकाठ भरा आणि निघा.

साडेतीन तासांत हार्डी जवळपास नाहीच, नाद सोडा. पण एक जात आहे, डॉबेन म्हणतात, ट्रॉपिकलमधली. फिकट निळं लहान फूल, वास छान, आणि कमी उन्हात निभावून नेण्याबद्दल तिचं नाव आहे, तीन-चार तासांतही फुलते असा माझ्यासकट बऱ्याच जणांचा अनुभव. माझ्या उत्तरेकडच्या टबात तीच आहे. दणकून फुलणार नाही, एखाद-दुसरं फूल, पण फुलते. लहान टबात मावते हा आणखी एक फायदा. आणि ती पानावर पिल्लू घालते! म्हणजे खरंच, देठ जिथे पानाला जोडलेला असतो तिथे बरोबर मध्ये एक छोटा कोंब येतो, त्याला इवलीशी पानं, कधीकधी त्या चिमुकल्याला पण कळी.

पानोपानींच्या टोमण्याबद्दल, फूल तीन-चार दिवसच टिकतं हे कबूल, पण त्या दिवसांत ते काय करतं ते बघितलंय का कधी? पहिल्या दिवशी मधोमध वाटीत गोडसर द्रव भरलेला असतो, तेव्हा ते मादी फूल. आलेला किडा त्यात घसरतो, त्याच्या अंगावरचे दुसरीकडचे परागकण धुऊन निघतात. दुसऱ्या दिवसापासून तो द्रव नाही, वरचे पुंकेसर उघडून पराग द्यायला लागतात, तेच फूल आता नर. काम झालं की देठ वळून फूल पाण्याखाली जातं आणि फळ खाली बुडून पिकतं. एवढं नाटक कोलियसचं पान करत नाही.

आणि सकाळी आठ-साडेआठला कळी उघडायला लागलेली निदान दिसेल त्यांना. नऊला निघतात ना.

मातीत_हात:
थोडं रुक्ष बोलतो, कोणीच बोललं नाही म्हणून. वजन. ५० सेंमी व्यासाचा टब आणि त्यात ४० सेंमी पाणी धरा, साधारण ७८ लिटर होतं, म्हणजे ७८ किलो फक्त पाणी. त्यात चिकणमातीची कुंडी, खडी, टब, शंभर किलोला टेकलं. बाल्कनीत कडेला कठड्याजवळ ठेवू नका, भिंतीलगत ठेवा, आणि इमारत जुनी असेल तर आधी विचारून घ्या. आणि भरण्याआधीच जागा नक्की करा, भरलेला टब सरकवता येत नाही, मी प्रयत्न केलाय, पाठ अजून आठवण काढते.

कोलियसच्या सहा कुंड्या उचलून इकडून तिकडे नेता येतात, ऊन सरकलं की त्यांनाही सरकवा. हा फरक छोटा वाटतो पण वर्षभरात खूप कामी येतो.

पानोपानी:
डबकेवाले, नाटक छान आहे पण तिकीट सुट्टीच्या दिवशीच मिळतं :)

अर्धीछाया, फिरतीचं सोपं आहे, घाबरू नका. वातीची कुंडी करा. कुंडीच्या तळाच्या भोकातून एक नायलॉनची जाड दोरी आत मातीत अर्ध्यापर्यंत घ्या, दुसरं टोक खाली झाकणाच्या डब्यातल्या पाण्यात. माती लागेल तसं पाणी वर ओढून घेते. सुती वात घेऊ नका, ती कुजते. झाकण हवंच, नाहीतर आईंचा डासांचा प्रश्न परत. पहिल्यांदा जाण्याआधी आठवडाभर घरी असताना करून बघा, किती पाणी उतरतं ते कळेल आणि त्यावरून डबा केवढा ते ठरवा. माझे लहान कुंडीतले कोलियस दोन लिटरच्या डब्यावर दहा दिवस निघतात, जायच्या आधी शेंडे खुडून झाड थोडं लहान केलं तर अजूनच आरामात.

एक चूक मात्र करू नका जी सगळे नवे करतात. कोलियस मलूल दिसला की लगेच पाणी ओतायचं नाही. तहानेने मान टाकतो तसाच तो मुळं कुजली तरी मान टाकतो, दिसायला दोन्ही सारखंच. आधी बोट घाला मातीत. कोरडी असेल तर पाणी द्या, तासा-दोन तासांत परत ताठ उभा. ओली असेल आणि तरी मलूल असेल तर पाणी थांबवा, आणि वरचे चांगले शेंडे कापून ग्लासात लावून टाका, कारण खालचं झाड बहुतेक गेलं. तहानलेला कोलियस वाचतो, बुडालेला नाही. लिलीची चिकणमाती याला चुकूनही देऊ नका, इथे ते कोकोपीटचं हलकं मिश्रण बरोबर जे डबकेवाल्यांच्या टबात तरंगलं.

आणि पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर मिलीबग. कापसाच्या बोळ्याने पुसून काढा, जास्त असेल तर साबणाचं पाणी.

डबकेवाला:
साबणाचं पाणी टबापासून लांब! मासे जातील. लिलीवर मावा येतो, पानांवर काळपट ठिपक्यांसारखा बसतो, त्याला काही फवारायचं नाही, पाण्याच्या झोताने धुवायचा नाहीतर पानं काही वेळ पाण्याखाली दाबून ठेवायची, मावा सुटून तरंगतो आणि मासे खातात.

शंकासूर:
दोघांचं भांडण छान रंगलंय पण लिलीची शोभा म्हटली की फ्रेंच चित्रकार मोनेला आठवायलाच हवं. त्याने जिवर्नी गावातल्या आपल्या बागेत तळं केलं आणि त्यात लिली लावल्या त्या लातूर-मार्लियाक नावाच्या फ्रेंच माणसाकडून मागवून. त्याआधी थंड प्रदेशात टिकणारी लिली म्हणजे जवळपास पांढरीच. याने संकर करून पिवळ्या, गुलाबी, लाल काढल्या आणि १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडल्या. मोने त्या तळ्याची पुढे सुमारे अडीचशे चित्रं काढत बसला. आता गंमत बघा, त्या चित्रांत लिलीच्या फुलांपेक्षा पाण्यात पडलेलं आभाळ आणि झाडंच जास्त आहेत. लिली लावली की फुकटात एक आरसा मिळतो. त्या आरशात बघायला काहीतरी रंगीत हवं ना काठावर? मी उत्तर देत नाही, मी फक्त शंका काढतो.

उशिरा_आलेला:
उशिरा वाचलं. एवढंच म्हणायचंय की मासे सोडले ते बाहेरच्या ओढ्या-तलावात कधी सोडू नका, जास्त झाले तरी. डास खाणारे हे मासे उघड्या पाण्यात गेले की तिथल्या मूळच्या माशांची आणि बेडकांची अंडी-पिल्लं खातात. लिलीचे जास्तीचे कंद पण तसेच, कुठल्याही तळ्यात नेऊन टाकायचे नाहीत.

आणि कारंजं वगैरे लावायचं कोणाच्या मनात असेल तर लिलीच्या टबात नको. तिची श्वसनाची छिद्रं पानाच्या वरच्या बाजूला असतात, खालची बाजू पाण्याला टेकलेली ना, त्यामुळे वरून सतत पाणी पडत राहिलेलं तिला सोसत नाही. स्थिर पाणी तिला आवडतं.

अर्धीछाया:
अडीच महिन्यांनी परत येतेय, धागा वर आणल्याबद्दल माफ करा.

शेवटी दोन्ही केलं. शंकासूर, तुमची शंका डोक्यात बसली. भिंतीलगत डॉबेनचा टब, ठरवलं होतं त्यापेक्षा लहानच घेतला, आणि त्याच्या मागे चढत्या उंचीच्या विटांवर कोलियसच्या चार कुंड्या, वाती लावून. मागचा मरून कोलियस सकाळच्या उन्हात पाण्यात पडतो तेव्हा टब अर्धा लाल दिसतो. हे कुठल्याच फोटोत बघितलं नव्हतं.

पाणी हिरवं झालं, मी बदललं नाही, (दोनदा बादली हातात घेऊन उभी राहिले होते), पाचव्या आठवड्यात निवळलं. गप्पी सहा सोडले होते, आता मोजता येत नाहीत. पहिल्या फिरतीत एक कोलियस गेला कारण त्याची वात कुंडीतच गुंडाळली गेली होती, डब्यातलं पाणी जसंच्या तसं. त्याचे शेंडे वाचले, ग्लासात आहेत.

फूल आत्तापर्यंत एकच. मंगळवारी आलं, सकाळी पावणेनऊपर्यंत अर्धंच उघडलं होतं आणि मला निघावं लागलं. बुधवारी उशिरा निघाले ऑफिसला. कारण काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

आता प्रश्न. सगळ्यात जुन्या पानाच्या मध्यावर, देठाच्या जोडाशी, हिरवा बारीक गोंडा आलाय. हेच का ते पिल्लू? आणि ते पान कडेने पिवळं पडायला लागलंय, कापून टाकू का? पिवळी पानं देठाच्या मुळापासून कापा असं वाचलं होतं.

डबकेवाला:
थांबा थांबा, ते पान कापू नका! तेच पिल्लू आहे. पिवळी पानं काढायची हे बरोबर पण हे सोडून. पान कुजत जाईल तसा तो गोंडा त्याच्यातून मुळं सोडेल, दोन-तीन बोटं लांब झाली की तेवढा तुकडा कापून घ्या आणि छोट्या कुंडीत चिकणमातीवर नुसता टेकवा, वर एक खडा ठेवा तरंगू नये म्हणून, आणि सुरुवातीला पाणी शेंड्यावर चार-सहा बोटंच ठेवा.

पानोपानी:
आणि ग्लासातले शेंडे आधी मातीत लावा बाई, मुळं दोन बोटं झाली की लगेच. पाण्यात फार दिवस राहिलं की ती मुळं पाण्यालाच सरावतात आणि मातीत गेल्यावर नखरे करतात. मरून आहे का त्यात? डबकेवाल्यांना एक पाठवा, त्यांच्या टबांमागे नुसती पांढरी भिंत आहे, मी फोटो बघितलाय.

डबकेवाला:
पाठवा. पण शेंडे मी खुडणार नाही, आधीच सांगतो.